वायुनौका आणि रिकामा मांगर

जमिनीवरून बिनतारी यंत्रानें हांकावयाची लहानशी वायुनौका घरच्या घरीं बांधणें, हा विषय शेतकीच्या मासिकांत पाहून कित्येक बागाईतदार बंधूंस नवल वाटेल. परंतु मिठबावसारख्या किनाऱ्यावरील गांवीं हा उद्योग पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वायुनौका म्हणजे हवेहून हलक्या वायूनें भरलेली लांबट खोळ. एक घनमीटर हीलियम सुमारें एक किलो वजन उचलतो. चार मीटर लांब व मध्यें सव्वा मीटर जाड अशा खोळींत सुमारें सव्वातीन घनमीटर वायु मावतो. म्हणजे उचल सव्वातीन किलोंची. त्यांतून खोळीचें वजन वजा जातां जें उरेल, तेवढ्यांतच मोटरी, बॅटरी, सुकाणूं व बिनतारी यंत्र बसविलें पाहिजे. सर्व मापें दुप्पट केल्यास खोळीचें कापड चौपट लागतें, पण उचल आठपट होते. फळ्यावर शिकलेला हा हिशेब मुलें विसरतात. स्वतः खोळ जोडणारा तो जन्मभर विसरत नाहीं.

ही नौका औषध फवारणार नाहीं कीं पेट्या वाहणार नाहीं. मात्र हलका कॅमेरा बांधल्यास कलमांच्या शेंड्यांवरील मोहोर ती संथपणें वरून दाखवूं शकेल. मतलई वारा पडल्यावर व दुपारचा खारा वारा सुटण्यापूर्वीं जो निवांत काळ मिळतो, त्यांतच ती उडवावी. एरव्हीं मतलई तिला थेट समुद्रांत नेईल. आरंभीं दोरी बांधूनच उडवावी, व सरकारी नियम आधीं पाहून घ्यावे. हायड्रोजन स्वस्त म्हणून कोणीं वापरूं नये. 6 मे 1937 रोजीं अमेरिकेंत लेकहर्स्ट येथें हायड्रोजननें भरलेली ‘हिंडेनबर्ग’ जळाली व 36 माणसें दगावलीं. हीलियम पेट घेत नाहीं. पण तो बहुतेक परदेशांतून येतो व महाग पडतो. यास्तव चार घरांनीं मिळून खर्च सोसावा.

पवईच्या आय. आय. टी. मुंबईंत प्राध्यापक राजकुमार पंत यांच्या मार्गदर्शनाखालीं विद्यार्थ्यांनीं अशा नौका बांधून उडविल्या आहेत. आमच्या मुलांस तितकी साधनें नसतील. जागा तरी आपण देऊं शकतों. आंब्याचा हंगाम आटोपला कीं बागेंतील मांगर बहुधा रिकामाच असतो. मुलगा मुंबईस गेला म्हणून हळहळणाऱ्या बागाईतदारानें त्याच्या बुद्धीस गांवांत कोणतें काम दिलें होतें, याचा विचार करावा. आणि यंदा पाऊस सरतांच मांगराची किल्ली त्याच्या हवालीं करावी.