बंब कुणी पेटवायचा?

दिवाळी अंक उघडला की एखादा तरी लेख नरकचतुर्दशीच्या पहाटेवर असतोच. तांब्याचा हंडा, चुलाण्यातला जाळ, उटण्याचा वास आणि 'गेले ते दिवस' असा उसासा. लिहिणारा बहुधा पुरुष असतो. तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवतो आहे. असे निबंध ढिगाने तपासले आणि त्यांना सढळ हाताने गुणही दिले. आज ते गुण परत घ्यावेसे वाटतात.

आमचे गाव खानापूर तालुक्यातले. आपल्याकडे घर कुणी तापवत नाही, तापवायचे ते पाणी. आई पहाटे चारला न्हाणीतल्या चुलाण्यापाशी बसे. पावसात भिजलेली लाकडे आणि हातात फुंकणी. आम्ही कढत पाण्याने न्हाऊन शाळेला जात असू आणि ती खोकत मागे राही. साठीच्या आतच छातीचा भाता झाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, "या विडी ओढतात का?" तिने जन्मात विडीला हात लावला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आपल्या रम्य पहाटांचा हिशेब त्यात आहे.

"मग गिझर लावा, झंझट संपली," असे म्हणणारा दुसरा पक्ष आहे. बेळगावच्या घरी मीही तो लावला. पण गिझरची ऐट मला मान्य नाही. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला अर्ध्या युनिटाहून जास्त वीज लागते. पाच माणसांच्या घरी रोज तीन युनिट झाली. तेवढ्यात नऊ वॉटचा दिवा तीनशे तासांहून अधिक जळतो. २०२३ साली गृहज्योती योजना आली आणि २०० युनिटांच्या मर्यादेत बिल शून्य झाले, म्हणून वीज फुकट झाली असे कुणी समजू नये. राज्यात धरणांची, वाऱ्याची, उन्हाची वीज आहे हे खरे. पण पहाटे पाचला ऊन नसते, आणि रायचूरजवळ शक्तिनगरात १९८५ पासून कोळसा जळतोच आहे. त्या कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो. म्हणजे आग लावून वीज करायची आणि त्या विजेने पुन्हा पाणीच तापवायचे! धूर गेला कुठे? आपल्या न्हाणीतून उठून शक्तिनगरच्या लोकांच्या डोक्यावर गेला.

मग मी कोणत्या पक्षाचा? मी बंबाच्या पक्षाचा. पण तीन अटींवर.

पहिली अट, बंब उघड्या परसात हवा. मधल्या नळीतून जाळ वर जातो, भोवतीचे पाणी तापते, अशी त्याची चांगली रचना आहे. पण बंद न्हाणीत तोच जीव घेतो. फ्लॅटमध्ये आणि दाट वस्तीत तो नकोच. दुसरी, जळण वाळलेले हवे. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असते. आगीचा काही भाग ते वाळवण्यातच जातो आणि वर धूर होतो. जंगलात कोयता न्यायचा नाही. भीमगडला २०११ साली अभयारण्य केले ते आपल्या मोळ्यांसाठी नव्हे. करवंट्या, झावळ्या, आंब्याच्या छाटलेल्या फांद्या परसात मिळतात तेवढ्यावरच भागवावे. न भागल्यास गिझर लावावा, ऐपत असल्यास सौर बंब बसवावा. मृगापासून हस्तापर्यंत मात्र त्याचा भरवसा धरू नये.

तिसरी अट सर्वांत अवघड आहे. बंब पुरुषाने पेटवावा. ही अट मी वाचनालयातल्या मंडळींसमोर मांडली तेव्हा सगळे हसले. जंगल, कोळसा, वीज यांवर तासभर तावातावाने बोलणारी ही मंडळी एवढ्याच मुद्द्यावर हसली. आईचा खोकला मला तेव्हा पुन्हा ऐकू आला.

तेव्हा, वाचकहो, परंपरेचा एवढा कळवळा असेल तर यंदा नरकचतुर्दशीला कर्त्या पुरुषाने चारला उठावे. राख काढावी, बंब पेटवावा, पहिले पाणी घरच्या बाईला काढून द्यावे. मग खुशाल त्या पहाटेवर लेख लिहावा. गुण मी देईन.