दोन तारांचं हॉटेल, बेलें

कोजागरीला मंडळात भेटलेल्या दोघा-तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "युरोपात स्वस्तात राहायचं म्हणजे बारा जणांच्या खोलीतलं होस्टेलच ना?" तर, नाही. होस्टेल आणि महागडं हॉटेल यांच्या मधला एक जुना प्रकार तिकडे अजून टिकून आहे. एखाद्या कुटुंबाने चालवलेलं, दोन तारांचं, वीसेक खोल्यांचं हॉटेल. ना जिम, ना स्विमिंग पूल, ना लॉबीत पियानो. या वेळचा लेख अशाच एका हॉटेलाबद्दल आणि ते जिथे आहे त्या लिस्बनच्या बेलें या उपनगराबद्दल.

कामानिमित्त नोव्हेंबरात लिस्बनला जाणं झालं. काम संपल्यावर तीन रात्री स्वतःच्या खर्चाने राहायचं ठरवलं आणि शहराच्या मध्यवर्ती भागातले दर बघून लॅपटॉप मिटला. मग नकाशावर टॅगस नदीच्या काठाकाठाने पश्चिमेला सरकत गेलो. साधारण सहा किलोमीटरवर बेलें लागलं. तिथल्या एका साध्या हॉटेलात खिशाला झेपेल अशी खोली मिळाली.

बेलें म्हणजे बेथलेहेम, त्याचंच पोर्तुगीज रूप. पूर्वी हे लिस्बनबाहेरचं खलाशांचं गाव होतं. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात लिस्बन जमीनदोस्त झालं, पण बेलेंला त्या मानाने कमी झळ बसली. राजघराणं त्या सकाळी इथेच होतं म्हणून वाचलं. पुढे १८५२ ते १८८५ या काळात बेलेंची स्वतःची वेगळी नगरपालिका होती. त्यामुळे आज ते लिस्बनचा भाग असलं तरी चालताना मोठ्या शहरात असल्यासारखं वाटत नाही. गल्ल्यांमध्ये वाळत घातलेले कपडे दिसतात, दुकानदार गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतो आणि संध्याकाळी म्हातारी माणसं बाकावर बसून भांडतात.

हॉटेलला लिफ्ट नव्हती. खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, अर्ध्या भिंतीपर्यंत निळ्या-पांढऱ्या फरशा. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड नाही, पितळी बिल्ला लावलेली वजनदार चावी हातात दिली. चावी हा शब्द आपण घेतला तो पोर्तुगीज 'शाव्ह'वरूनच. तीन दिवसांत असे शब्द भेटतच राहिले. सकाळी टेबलावर पाव. दुपारच्या सूपमध्ये बटाटा आणि कोबी. कोबीला ते 'कोव्ह' म्हणतात. आपली परात, घमेलं, पगार आणि लिलाव हीसुद्धा त्याच माहेरची. आजीच्या स्वयंपाकघरातले इतके शब्द परदेशातल्या जेवणाच्या टेबलावर सापडले की भाषेची भीती निम्मी कमी होते.

असं हॉटेल घेताना काय बघायचं, ते सांगून टाकतो. पहिली गोष्ट, हीटर. लिस्बनला बर्फ पडत नाही म्हणून आपण गाफील राहतो. पण जुन्या इमारतींत तापवण्याची सोय बेताचीच असते आणि हिवाळ्यात नदीकाठची हवा दमट. खोलीत हीटर आहे का, हे आधी विचारा. दुसरी, लिफ्ट. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर हे नक्की विचारा. तिसरी, पर्यटक कर. लिस्बन महापालिका सप्टेंबर २०२४ पासून माणशी दर रात्री ४ युरो घेते, जास्तीत जास्त सात रात्रींचा. तो बहुधा हॉटेलातच वेगळा भरावा लागतो; स्वस्त खोलीच्या हिशेबात ही रक्कम डोळ्यांत भरते. चौथी, न्याहारी. माझ्याकडे पाव, लोणी, चीज, एखादं फळ आणि कॉफी एवढंच होतं. पण ते दरात धरलेलं होतं आणि पोटभर होतं.

जेवणाबद्दलही एक सूचना. पोर्तुगालमधल्या साध्या खानावळीत बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते आदरातिथ्य नाही, त्याचे पैसे लागतात. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगायचं, कोणी वाईट वाटून घेत नाही. शाकाहारी मंडळींनी 'काल्दु व्हेर्द' या हिरव्या सूपपासून सावध राहावं, त्यात बहुतेक वेळा सॉसेजचे काप असतात. भाज्यांचं सूप मागा.

बेलेंत मुक्काम करण्याचा खरा फायदा घड्याळात आहे. दहाच्या सुमाराला पर्यटकांच्या बस येऊ लागतात आणि संध्याकाळी परत जातात. त्याच्या आधी आणि नंतरचं बेलें तिथे राहणाऱ्यांचं. सकाळी आठला मी जेरोनिमुस मठासमोर उभा होतो तेव्हा सोबतीला कुत्र्यांना फिरवणारे दोघे होते, बस्स. आदल्या दिवशी दुपारी याच जागी रांग चौकाच्या टोकाला गेली होती.

मॅन्युएल राजाने हा मठ सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर साधारण पाच टक्के कर लावून त्याचा खर्च भागवला. थोडक्यात, त्या नाजूक दगडी नक्षीत आपल्या किनाऱ्यावरच्या मिरीचा पैसा आहे. आत चर्चमध्ये शिरल्याबरोबर वास्को द गामाची समाधी लागते. तो ८ जुलै १४९७ ला याच किनाऱ्यावरून निघाला होता. समोरच्या बाजूला कवी कामोंइशची समाधी आहे. १८३४ मध्ये देशातले मठ बंद झाले आणि १८३७ मध्ये जवळच त्या प्रसिद्ध अंड्याच्या कस्टर्ड टार्टचं दुकान सुरू झालं, पाककृती मठातली. तिथेही सकाळी लवकर गेलात तर रांग नसते. वरून दालचिनीची पूड भुरभुरवून गरम गरम खा.

आपल्या बडोद्याच्या वाचकांसाठी मात्र बेलेंतली सर्वात जवळची गोष्ट नदीकाठच्या बुरुजावर आहे. तोरे द बेलें या बुरुजाच्या एका कोपऱ्यातल्या मनोऱ्याखाली गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. पाचशे वर्षांच्या वाऱ्यापावसाने झिजलंय, कोणी दाखवल्याशिवाय ओळखू येत नाही. तो गेंडा आपल्याकडचा. १५१४ मध्ये अल्फोन्सो द अल्बुकर्कने गुजरातच्या सुलतान दुसऱ्या मुझफ्फरशाहाकडे वकील पाठवून दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतानाने परवानगी दिली नाही, नजराणा म्हणून गेंडा दिला. तेव्हा सुलतानांची राजधानी होती चांपानेर. शाळेच्या सहलीत आपण पावागडच्या पायथ्याशी ज्या दगडांवर बसून डबे खाल्ले, तेच चांपानेर.

अल्बुकर्कने हा गेंडा गोव्याहून जहाजाने रवाना केला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर, २० मे १५१५ ला, तो बेलेंच्या किनाऱ्यावर उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती पळून गेला. मग राजाने गेंडा पोपना भेट म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंडाने बांधलेला गेंडा पोहू शकला नाही. जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूररने त्याला न बघताच, पत्रातल्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचं चित्र कोरलं आणि ते जगभर गाजलं. गुजरातमधून निघालेल्या त्या बिचाऱ्याच्या बाबतीत कोणी काही त्याला विचारून केलं नव्हतं.

बुरुजापासून हॉटेलकडे परतताना राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी प्रासादासमोर एक बाग लागते. मधोमध उंच खांबावर अल्बुकर्कचा पुतळा. १५१० मध्ये गोवा जिंकणारा हाच. गोव्यातले आपले वाचक इथे उभे राहिले तर त्यांना काय वाटेल, असा विचार मनात आला. मला राग आला असं म्हणता येणार नाही. पण कमी वाटलं. नदीकाठी शोधयात्रांचं बावन्न मीटर उंच स्मारक आहे, जहाजं आहेत, नकाशे आहेत. जिथे ही जहाजं पोचली तिथल्या माणसांचं मात्र काहीच दिसत नाही.

ते मला सापडलं हॉटेलच्या काउंटरवर. रात्रपाळीला मालकीणबाईंचे मोठे भाऊ बसत, सत्तरीला टेकलेले. मी भारतातला म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "गोवा?" मी म्हटलं, गोवा नाही, पण माझी भाषा गोव्यातही बोलतात. तेव्हा त्यांनी सांगितलं, की त्यांचे वडील १९६१ मध्ये गोव्यात शिपाई होते. १९ डिसेंबरला शरणागती झाली आणि भारतीय सैन्याने तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिकांना युद्धकैदी केलं. वडील त्यांतले एक. १९६२ च्या मे महिन्यात घरी परत आले. "तिकडे त्यांना कोणी मारलं नाही," आजोबा म्हणाले. "इथे आल्यावर मात्र भित्रे म्हणून बघितलं." शेवटपर्यंत लढायचा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी तो मानला नाही आणि कित्येकांचे जीव वाचवले. त्याबद्दल त्यांना सैन्यातून काढून टाकलं. मान परत मिळाला तो थेट १९७४ च्या क्रांतीनंतर.

मग मी त्यांना मोहन रानड्यांबद्दल सांगितलं. रानडे मूळचे सांगलीचे, गोव्यात मराठीचे शिक्षक. आझाद गोमंतक दलात गेले, १९५५ मध्ये बेती पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात हलवलं. गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. महाराष्ट्रात त्यांच्या सुटकेसाठी चळवळ झाली, त्यात सुधीर फडके आघाडीवर होते. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुरै यांनी पोपच्या भेटीत त्यांच्यासाठी शब्द टाकला. अखेर जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले, गोवामुक्तीनंतर सात वर्षांनी.

"कुठल्या तुरुंगात?" आजोबांनी विचारलं. मी म्हटलं, काशियाश. त्यांनी काउंटरवरचा रेल्वेचा नकाशा माझ्याकडे फिरवला आणि बेलेंपासून बोट सरकवत मोजलं: अल्जेश, क्रूझ केब्राडा, काशियाश. तिसरं स्टेशन.

दुसऱ्या दिवशी गेलो. दहा-बारा मिनिटांचा प्रवास, डावीकडे सतत पाणी. स्टेशनजवळ राजघराण्याची अठराव्या शतकातली सुंदर बाग आहे, खाली छोटा किनारा. वर टेकडीवर किल्ल्याच्या भिंती. सालाझारच्या काळात राजकीय कैदी इथे ठेवत. ४ डिसेंबर १९६१ ला आठ कम्युनिस्ट कैदी सालाझारसाठी घेतलेल्या चिलखती मोटारीतूनच फाटक तोडून पळाले होते. १९७४ च्या एप्रिलमध्ये क्रांती झाली आणि उरलेले कैदी बाहेर आले. तिथे आजही तुरुंग चालू आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. मी रस्त्यावरूनच पाहिलं. उंच भिंत, तारा, मागे आकाश. तुरुंग हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजमधूनच आला, 'त्रोंकु'वरून. सांगलीच्या एका मास्तरांनी तो शब्द जिथे वर्षानुवर्षं जगून काढला, ती जागा टार्टच्या रांगेपासून तीन स्टेशनांवर आहे. पाच-दहा मिनिटं थांबलो आणि परतीची गाडी धरली.

रानडे २०१९ मध्ये पुण्यात वारले. आपल्या वयाच्या किती जणांना हे नाव माहीत आहे, हे मंडळात एकदा विचारून बघा. गोव्यातल्या आणि बेळगावच्या घरांत आजी-आजोबा असतील तर त्यांनाच विचारा. त्यांच्या आठवणी पुस्तकांपेक्षा जास्त असतील. हे प्रवासाआधी करा. तिथल्या फलकांवर यातलं काही लिहिलेलं नाही, ते घरूनच न्यावं लागतं.

तर, लिस्बनला जाल तेव्हा किमान दोन रात्री बेलेंत काढा. शहरातून पंधरा नंबरची ट्राम येते, काइश दु सोद्रे स्टेशनवरून काशकाइशच्या मार्गावरची लोकलही येते. एक सकाळ मठाला, एक संध्याकाळ बुरुजाखालच्या गेंड्याला, अर्धा दिवस काशियाशला. आणि खोली घेताना कार्डऐवजी चावी देणारं हॉटेल शोधा. तिथल्या काउंटरवर बहुधा कोणीतरी माणूस असतो, आणि रात्री त्याला गप्पा मारायला वेळ असतो.