सही करण्यापूर्वी



वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेस निघालेल्या एका स्नेह्यांनी मला केवळ खर्चाची तरतूद विचारली. मी म्हणालो, ‘‘रक्कम एकदाच भराल, हप्ते मात्र आजन्म आहेत.’’

बीएमआय ३५च्या पुढे असेल, अथवा त्याहून कमी असूनही मधुमेह आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टर ही शस्त्रक्रिया सुचवितात. त्यात गैर काही नाही. परंतु जठर लहान झाल्यावर प्रथिने, लोह व बी-१२ यांची काळजी आयुष्यभर घ्यावी लागते. पाणीही जेवणासोबत नव्हे, तर दिवसभर घोटाघोटाने प्यावे लागते. मग चौविहार कसा सांभाळावा? अठ्ठाई झेपेल का? कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे तर नाही ना?

स्नेही चौविहार पाळतात. डॉक्टरांना मात्र त्यांनी ते सांगितलेच नव्हते. आता सांगून आले आहेत. निर्णय त्यानंतरच.