श्वासयंत्राची फुसफूस

पाण्याखालीं माणूस श्वास कसा घेतो, हा प्रश्न गेल्या महिन्यापर्यंत आमच्या घरांत कोणासही पडला नव्हता. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा मालवणास जाऊन समुद्रांत बुडी मारण्याची विद्या शिकून आला, त्यानें स्वतःचें श्वासयंत्रही विकत घेतलें, आणि एके दिवशीं सायंकाळीं पडवींतून सापाच्या फूत्कारासारखा आवाज येऊं लागला, तेव्हां हातांतली पळी तशीच ठेवून आम्हांस संध्येवरून उठावें लागलें. सिलिंडरास जोडलेल्या त्या यंत्राच्या तोंडांतून हवा आपोआप वाहत होती. "काका, कांहीं नाहीं, थोडा स्क्रू पिळला कीं बंद होईल," असें तो म्हणाला. त्यानें नळी काढली, आंतला स्क्रू अर्धा फेरा पिळला, नळी पुन्हां लावली. आणि आवाज खरोखरच बंद झाला.

घरांतील मंडळींचें तेवढ्यानें समाधान झालें. आमचें झालें नाहीं. पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलीं असल्यामुळें, उत्तर बरोबर आलें तरी रीत पाहिल्यावांचून खूण करण्याची आम्हांस संवय नाहीं. म्हणून आम्हीं त्यास जवळ बसवून घेतलें व यंत्र समजावून देण्यास सांगितलें. जें कळलें तें वाचकांपुढें ठेवतों.

रेग्युलेटर हा शब्द गॅसच्या शेगडीमुळें आपल्या घराघरांत पोंचलाच आहे. काम येथेंही तेंच, पण पुष्कळ नाजूक. बुडी मारणाराच्या सिलिंडरांत हवा सुमारें २०० बार दाबानें कोंबलेली असते. म्हणजे आपल्या भोंवतालच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ दोनशेंपट. ती एकदम तोंडांत येऊन चालणार नाहीं, म्हणून तिचा दाब दोन पायऱ्यांनीं उतरवितात. पहिली पायरी सिलिंडराच्या मानेवरच बसते. ती हवेचा दाब भोंवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षां ९ ते १० बार अधिक, एवढ्यावर आणून ठेवते. तेथून नळीनें हवा दुसऱ्या पायरीकडे, म्हणजे तोंडांत धरावयाच्या डबीकडे येते. या डबीच्या एका अंगास रबराचा पातळ पडदा असतो. पडद्याच्या पलीकडे समुद्र, अलीकडे माणसाचा श्वास. त्यानें श्वास ओढला कीं डबींतील दाब किंचित् घटतो, पडदा आंत लवतो, त्याला टेकलेली तरफ दबते आणि झडप उघडते. ओढ थांबली कीं स्प्रिंग झडप मिटविते. ही ओढ किती असावी? पाण्याच्या एक ते दीड इंच उंचीचा जेवढा दाब, तेवढी. एक इंच पाणी म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारें चारशेंवा हिस्सा. एवढ्या हलक्या ओढीनें उघडणारी झडप विनाकारणही उघडूं शकते, हें उघड आहे. आणि तीच ही फुसफूस.

(येथें एक विषयांतर. प्राणायामांतील पूरक आणि रेचक या विद्येस मान्य आहेत, कुंभक मात्र सर्वथा वर्ज्य! वर येतांना श्वास रोखून धरला तर १० मीटर खोलीवरची छातींतली हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट फुगूं पाहते आणि फुप्फुसें फाटतात. आमचे कित्येक योगप्रेमी स्नेही वृद्धपणीं समुद्रांत उतरण्याचा संभव नाहीं, तरी सांगून ठेवलेलें बरें.)

या फुसफुशीचा इतिहास यंत्राइतकाच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं व्यापलेल्या फ्रान्समध्यें पेट्रोल दुर्मिळ झालें, तेव्हां मोटारी वायूवर चालविण्यासाठीं एमील गान्यां नांवाच्या अभियंत्यानें एक झडप केली होती. जाक कुस्तो या नौदलाच्या अधिकाऱ्यास पाण्याखालीं श्वास देणारी झडप हवी होती. दोघांनीं मिळून यंत्र तयार केलें व १९४३ च्या जानेवारींत पॅरिसबाहेर मार्न नदीच्या थंड पाण्यांत तें पाहिलें. कुस्तो आडवा पोहत असतां सर्व ठीक. तो उभा राहिला कीं हवा भसाभसा वाहून जाई. आणि डोकें खालीं केलें कीं श्वास ओढतां ओढतां जीव मेटाकुटीस येई. दोघेही निराश होऊन मोटारींतून परत निघाले. वाटेंत बोलतां बोलतां कारण उमगलें. उच्छ्वास बाहेर जाण्याचें तोंड झडपेच्या पडद्यापासून सुमारें सहा इंच दूर होतें. माणूस उभा राहिला कीं तें तोंड वर व पडदा खालीं; मग खालच्या पाण्याचा अधिक दाब पडद्यास आंत ढकलून झडप उघडीच ठेवी. एक-दीड इंचाची गोष्ट जेथें पुरते, तेथें सहा इंच म्हणजे केवढा घोटाळा! त्यांनीं उच्छ्वासाची नळी मागें नेऊन तिचें तोंड पडद्याशेजारीं आणलें, आणि दोष गेला. त्याच वर्षीं जून महिन्यांत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बांदोल येथें तें यंत्र समुद्रांत उतरलें.

आजही नवशिक्यानें डबी तोंड वर करून पाण्यांत टाकली तर ती भडभडा वाहूं लागते, त्याचें कारण हेंच. आणि उपायही सोपा, ती उलटी करावी. यास दोष म्हणत नाहींत. थंड देशांत आणखी एक पीडा आहे. दाब उतरतांना हवा फार थंड होते, आणि पाणीच मुळांत गार असलें तर यंत्रांत बर्फ धरून झडप उघडी अडकते. आपल्या कोंकणच्या समुद्रांत ती भीति नाहीं. येथें शत्रु म्हणजे वाळूचा कण आणि वाळलेलें मीठ. म्हणून बुडीनंतर यंत्र गोड्या पाण्यानें नीट धुतात.

आतां पडवींतल्या गोष्टीकडे येऊं. आमच्या पुतण्यानें स्क्रू पिळला, म्हणजे झडपेचें तोंड पुढें सरकवून स्प्रिंग अधिक दाबली. स्प्रिंग खरोखरच सैल झाली असती तर हा उपाय योग्य होता. पण त्यानें फोनवर आपल्या गुरूंस मोठ्या अभिमानानें हकीगत सांगितली, तेव्हां त्यांनीं एकच प्रश्न विचारला: "मधला दाब मोजला होतास का?" मोजला नव्हता. दुसऱ्या दिवशीं दाबमापक आणून नळीस लावला. काटा साडेनवावर आला. थांबावयास हवा होता, थांबला नाहीं. बोलतां बोलतां अकरा झाले, मग साडेअकरा, आणि पाव तासांत बारांच्या जवळ. पहिल्या पायरींतील झडपेची बैठक झिजून हवा हळूहळू पाझरत होती, व वाढलेल्या दाबास वाट म्हणून दुसरी झडप उघडत होती. म्हणजे आदल्या दिवशींची फुसफूस हा रोग नव्हता, रोगाची हांक होती. आणि आमच्या शहाण्यानें शिट्टी थांबावी म्हणून कुकरवर वरवंटा ठेवला होता.

"आणि तसाच रविवारीं समुद्रांत उतरला असतास तर?" हा प्रश्न आमच्या भावजयीनें विचारला. ती इतका वेळ दारांत उभी आहे, हें आमच्या लक्षांतच नव्हतें. पुतण्यानें उत्तर टाळलें नाहीं, हें त्याचें भूषण. घट्ट केलेल्या झडपेंतून खोल पाण्यांत श्वास ओढावयास श्रम पडतात; श्रमानें धाप लागते, आणि धापेनें माणूस घाबरतो. तेवढ्यांत पहिली पायरी पुरतीच ढिली झाली, तर सिलिंडर थोड्याच मिनिटांत रिकामा. अशा वेळीं ओंठ घट्ट न मिटतां, जास्तीची हवा बाजूनें जाऊं देत लागेल तेवढीच घेत वर यावयाचें, हें प्रारंभीच शिकवितात व निदान ३० सेकंद करून घेतात. भावजयीनें ऐकून घेतलें, आणि ती कांहीं न बोलतां आंत गेली. त्या रात्रीं तिनें जेवण वाढलें, पण पुतण्याच्या पानाजवळ ती नेहमीप्रमाणें थांबली नाहीं.

यंत्र तज्ज्ञ कारागिराकडे गेलें. बदलावा लागला तो तुकडा शेंगदाण्याएवढाही नव्हता. मधला दाब साडेनवावर येऊन तेथेंच खिळला, तेव्हां कुठें दुसऱ्या पायरीस हात लावला. त्याची रीतही आम्हीं विचारून घेतली. नळीच्या मार्गांतच बसणारें एक हत्यार असतें. त्यानें स्क्रू एका वेळीं रुपयांतल्या दोन आण्यांइतकाच, म्हणजे अष्टमांश फेरा फिरवितात, आणि फिरवितांना डबीवरचें बटण दाबून धरतात, नाहीं तर झडपेची धार रबरावर घासून चीर पडते.

यंत्र परत आल्यावर पुतण्यानें घरीं परीक्षा घेतली. कोजागरीचें दूध आटविण्याचें मोठें पातेलें पाण्यानें भरून पडवींत ठेवलें. डबीचें तोंड वर, पडदा खालीं, अशी ती आडवी धरून हळूहळू बुडविली. पडदा पाण्याखालीं सव्वा इंच गेला तेव्हां बारीक "सूं" ऐकूं आलें. वर उचलतांच बंद. माप आमच्या शाळेंतल्या जुन्या फूटपट्टीनें घेतलें. भावजयीनें तें स्वतः वांकून पाहिलें, पुन्हां एकदां करावयास लावलें, आणि मग विचारलें, "किती वाजतां निघायचें आहे?"

रविवारीं तो मालवणास गेला व सायंकाळीं सुखरूप परत आला. पातेलें भावजयीनें चिंचेनें घासून जागेवर ठेवलें आहे. फूटपट्टी मात्र त्याच्याच पिशवींत राहिली आहे.