स्वस्त संगणक आणि रास्त नफा

वस्तु स्वस्त मिळाली म्हणजे आपणांस आनंद होतो. परंतु त्या स्वस्ताईचा भार कोणावर पडला, हें आपण क्वचितच विचारतों. घरगुती संगणकाचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे.

अमेरिकेंत १९८२ सालीं ‘कमोडोर ६४’ हा संगणक ५९५ डॉलरांस निघाला. कंपनीनें १९७६ सालींच चिपांचा कारखाना विकत घेतल्यामुळें तिचा उत्पादनखर्च कमी होता. म्हणून १९८३ सालीं किंमत सुमारें २०० डॉलरांवर आणूनहि तिचा निभाव लागला. तिच्याशीं चढाओढ करितांना टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीनें आपला खर्चिक घडणीचा संगणक ९९ डॉलरांपर्यंत उतरविला, आणि तोटा असह्य होऊन त्याच वर्षीं तो धंदा सोडला. ग्राहकांस यंत्र स्वस्त मिळालें. पण त्याच्या सुधारलेल्या आवृत्तीची आशा मावळली.

उलटपक्षीं, ॲपल कंपनीनें १९८४ सालीं ‘मॅकिंटॉश’ हा संगणक, जाहिरातीचा मोठा खर्च किंमतींत धरून, २,४९५ डॉलरांस विकला; पण त्यांत मेमरी अवघी १२८ किलोबाइट होती. त्याच वर्षीं चौपट मेमरीचा नमुना तिला काढावा लागला.

आमच्या मतें रास्त नफा हा दोष नव्हे. त्यावांचून उद्योग टिकत नाहीं. मात्र तो घडणींतील काटकसरीनें मिळवावा, यंत्राचें बळ तोडून नव्हे. म्हणून पालकांनीं संगणक घेतांना केवळ किंमतीकडे न पाहतां, मेमरी पुढें वाढवितां येईल काय व दुरुस्तीस कोण उभा राहील, हें आधीं विचारावें. विद्यार्थिमित्रांनींहि दिखाऊ यंत्राचा हट्ट न धरितां आपल्या अभ्यासास पुरेल तेवढेंच मागावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.