घरच्या उटण्याचा ब्रँड करायचाय? मग आधी अकोल्यात काय झालं ते बघा

इन्स्टा उघडलं की दर चार रीलमागे एक ताई कढईत हळद, खोबरेल आणि कोरफडीचा गर घोटताना दिसते. खाली कमेंट ठरलेली, "ताई, प्राईस?"

समजा, नांदगाव खंडेश्वरमधल्या एखाद्या ताईने दिवाळीला उटणं केलं. शेजारणींना आवडलं, व्हॉट्सॲपवर पन्नास पाकिटं गेली. मग अमरावती, मग तालुक्यातूनच जाणाऱ्या समृद्धीवरून थेट नागपूर नाहीतर मुंबई. स्वप्न काही खोटं नाही. नागपूरहून मुंबईला गेलेल्या केशव पेंढरकरांनी १९५२ मध्ये व्हिको सुरू केली, तेव्हा दंतमंजन दारोदार फिरूनच विकलं होतं. हळदीचं क्रीम नंतर आलं.

पण मधली एक पायरी रीलमध्ये दिसत नाही.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी आली होती. एकाच घरातल्या तीन जणींना किडनीचा आजार झाला. तिघीही स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेलं गोरं करणारं क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली आणि क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा पटकन उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून किडनीत जातो. केरळच्या कोट्टक्कलमध्ये २०२१ ते २०२३ दरम्यान किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण अभ्यासले गेले. त्यातल्या १५ जणांमध्ये पाऱ्याशी जोडला जाणारा प्रकार निघाला आणि त्यातले १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या बेसन-हळदीत कुठला पारा? बरोबर आहे, नसतोच. घोळ होतो तो धंदा वाढल्यावर. मागणी पुरेना झाली की बाजारातून सुटं क्रीम आणायचं, डबीत भरायचं आणि वर आपलं लेबल लावायचं. त्यात काय आहे हे विकणारीलाही माहीत नसतं.

म्हणूनच कायदा विचारतो, बनवलं कुणी आणि तपासलं कुणी? सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार विक्रीसाठी क्रीम, उटणं किंवा साबण बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. 'घरगुती आहे' म्हणून सूट नाही. विनापरवाना बनवून विकलं तर कायद्याने कारवाई होते. नुसता तयार माल विकायला मात्र वेगळा परवाना लागत नाही. गोंधळ बहुतेक इथेच होतो.

परवान्याच्या अटी ऐकून घाबरायला होतं, पण त्या अशक्य नाहीत. पावडरसाठी १५ आणि क्रीमसाठी २५ चौरस मीटर जागेची शिफारस आहे. देखरेखीला फार्मसी डिप्लोमावाली व्यक्ती हवी, नाहीतर केमिस्ट्री घेऊन बारावी झालेलीही चालते. अशा मुली तालुक्यात कितीतरी सापडतील!

जागाच नसेल तर 'लोन लायसन्स' घ्यायचं, म्हणजे परवाना आपला आणि माल दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात बनवायचा. किंवा सरळ तिथून बनवून घेऊन आपल्या नावाने विकायचं. गावातून सुरुवात करायला हाच रस्ता आम्हाला जास्त शहाणपणाचा वाटतो.

सुरुवात कोरड्या मालाने करावी. उटण्यात पाणी नसतं, त्यामुळे ते टिकतं. कोरफडीच्या ताज्या गरात प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर काही दिवसांत जंतू वाढतात, आणि 'केमिकल फ्री' म्हणून विकलेली तीच डबी चेहऱ्यावर पुरळ आणते.

लेबलवर 'आयुर्वेदिक' लिहायचा मोहही आवरा. त्या औषधांचा परवाना वेगळा असतो. व्हिकोचं हळदीचं क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, हा अबकारी कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. निकाल कंपनीच्या बाजूने लागला, पण तोवर कित्येक वर्षं गेली.

आणि विकत घेणार असाल तर डबी उलटी करून बघा. परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता, घटकांची यादी आणि वापरण्याची मुदत. यातलं काहीच नसेल तर कमेंटमध्ये प्राईसच्या आधी हे विचारा.