बोलताना हसणारे महाराज

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांची फौज सुरतेवर आली, तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीत एस्कॅलिऑट नावाचा पाद्री होता. पुढे मायदेशी धाडलेल्या पत्रात त्याने, ज्यांनी महाराजांना डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांच्या सांगण्यावरून, त्यांचं वर्णन केलं. उंची बेताची. शरीर ताठ आणि प्रमाणबद्ध. नजर चपळ, भेदक. आणि बोलू लागले की चेहऱ्यावर हसू. धास्तावलेल्या वखारीतल्या परक्या माणसाने हे टिपलं, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं.

ऐतिहासिक चित्रपटात कोणी कोण व्हावं यावरून वाद पेटला की मला हे हसू आठवतं. अलीकडे पडद्यावरचे महाराज गर्जतात, कडेलोटाचे हुकूम सोडतात, हसतात क्वचितच. आपलं भांडण मात्र नटाच्या आडनावावर आणि प्रांतावर अडलेलं असतं.

डिसेंबर २०२२ मध्ये अक्षय कुमार यांची महाराजांच्या वेशातली पहिली झलक आली आणि मागच्या झुंबरात विजेचे दिवे दिसले. त्यावर चर्चेला जागाच नाही. ती चूक होती. दुसरा आक्षेप वयाचा. चित्रपट प्रतापराव गुजरांवरचा, आणि त्यांनी नेसरीला उडी घेतली ते वर्ष १६७४. महाराज तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते, नट पंचावन्नचा. हाही मला फार मोठा वाटत नाही, रंगभूषा कशासाठी असते? तिसरा आक्षेप खरा खोल आहे: मराठी नट का नको? तो निव्वळ प्रांताभिमान म्हणून झटकून टाकता येत नाही. हिंदीतला मोठा तारा स्वतःची प्रतिमा बरोबर घेऊन येतो आणि राजाऐवजी प्रेक्षक त्यालाच पाहत बसतो. शिवाय आपला कान. ‘ळ’चा ‘ल’ झाला, ‘च’ नको तिथे तालव्य झाला, की मावळ पडद्यावरून निघून जातो. ज्यांच्या घरात महाराजांची तसबीर देवांच्या रांगेत आहे, त्यांना हे बोचणारच.

तरीही हा आक्षेप शेवटपर्यंत टिकत नाही. जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’मध्ये बाबासाहेब झाले केरळचे मामुट्टी. मातृभाषा मल्याळम. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण पुरस्कार सोडा. चष्म्यामागची ती अभ्यासू, थकलेली, न वाकणारी नजर आठवा. आणि पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी ‘गांधी’मध्ये कस्तुरबा झाल्या, तेव्हा गुजराती बाई हवी होती असं आपल्यापैकी कोणाला वाटलं? आपल्याला अभिमानच वाटला. एकच माप दोन्हीकडे लावायला हवं. बेताच्या उंचीचा हट्ट धरला तर ‘तान्हाजी’तले उंचेपुरे शरद केळकरही बाद होतील, आणि त्यांच्या संयत महाराजांना तर प्रेक्षकांनी उचलून धरलं.

मग अचूकतेचा आग्रह धरायचा कुठे? कल्पनेला मनाई करा असं मी म्हणणार नाही. सिंहगडावर चढणारी घोरपड आपल्याला शाहिरांच्या पोवाड्यातून मिळाली आणि ती आपण प्रेमाने सांभाळली. ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाई आणि मस्तानी ‘पिंगा’वर एकत्र नाचल्या, ‘छावा’च्या झलकेत संभाजीराजे लेझीम खेळले, तेव्हा गहजब झाला. लेझीमचं दृश्य प्रदर्शनाआधीच वगळलं गेलं. पिंगा मलाही खटकला, कारण पेशव्यांच्या घरातली घुसमट त्या नाचात विरघळून जाते. लेझीमने मात्र राजाचं काय उणं झालं असतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

माझ्या मते पात्रयोजनेचा मोठा प्रश्न नटाचा नाहीच. इतिहासातल्या कोणत्या माणसाला खलनायक करायचं, कोणाला गद्दार, हीसुद्धा पात्रयोजनाच आहे, आणि तिथे आपण फार कमी तपासणी करतो. उदयभान राठोड हा मोगलांच्या चाकरीतला राजपूत किल्लेदार. ‘तान्हाजी’ने त्याला काळ्या कपड्यांतला विकृत, रानटी माणूस केलं. तानाजी ज्याच्याशी लढून पडले तो तोलामोलाचा योद्धा होता असं दाखवलं असतं, तर मालुसऱ्यांचीच उंची वाढली असती. ‘छावा’त शिर्के बंधूंना फितूर दाखवल्यावर त्यांच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाला माफी मागावी लागली.

मला सर्वांत जास्त लागलं ते ‘पानिपत’. २०१९ च्या त्या चित्रपटात भरतपूरचे सूरजमल मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागणारे सौदेबाज दिसले. राजस्थानात जाट समाज रस्त्यावर उतरला, निर्मात्यांना काही भाग कापावा लागला. आपल्याकडे अनेकांनी ते ‘भावना दुखावण्याचं’ आणखी एक प्रकरण समजून सोडून दिलं. पण जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावरून जखमी, उपाशी, अर्धे उघडे मराठे बायकामुलांसह दक्षिणेकडे पळाले, तेव्हा त्यांना अन्न, वस्त्र, औषध आणि आसरा दिला तो याच सूरजमलांनी. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्याशी त्यांचं पटलं नव्हतं, तरी दिला. आपले पूर्वज ज्या दारात जगले, त्या दाराच्या मालकाला आपण हिशेबी माणसाची भूमिका दिली. तिथे मराठी माणसानेच आधी बोलायला हवं होतं.

यावर खेळ बंद पाडणं हा उपाय नव्हे. २०२२ मध्ये ‘हर हर महादेव’च्या वेळी ठाण्यात प्रेक्षकाला मारहाण झाली, ती करणाऱ्यांनी इतिहासाची कोणती सेवा केली? पण ‘चित्रपट म्हणजे करमणूक’ म्हणून मोकळं होणंही पुरेसं नाही. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगल झाली, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात ‘छावा’चं नाव घेतलं. एखाद्या चित्रपटावर दंगलीचं खापर फोडणं मला मान्य नाही. मात्र पडद्यावरचं लोक खरं मानतात, एवढं त्यावरून निर्मात्यांनी ओळखावं.

चित्रपटाच्या सुरुवातीची ती घाईघाईत सरकणारी सूचना कोणी वाचत नाही. त्यापेक्षा शेवटी, नामावलीच्या आधी, दोन मिनिटं थांबून सांगा: हा प्रसंग कागदपत्रांतला, हा कादंबरीतला, हा आम्ही रचलेला. आणि नट महाराष्ट्राचा असो वा केरळचा, चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी त्याच्या हाती संवादांबरोबर एस्कॅलिऑटचं ते पत्रही द्या.